नवव्या रांगेतल्या रेघा

रेघकाकूंचं खरं नाव प्रकल्पावर कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही कुणाला वाटली नाही. हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला की यंत्र एक नंबर दाखवायचं, बस्स. बाकी मोठ्या साहेबांपासून टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या रेघकाकू. सुरुवातीला त्यांना राग यायचा. "चोवीस वर्षं शिलाई केली तेव्हा कुणी सुईकाकू म्हणालं नाही, आणि इथे चार रेघा ओढल्या तर लगेच नाव पडलं!" असं घरी येऊन नवऱ्याला ऐकवायच्या. पण महिन्याभरात असं झालं, की कुणी नुसतं 'काकू' म्हणालं तर त्या मागे वळून बघायच्या, की ही दुसरी कोण काकू आली.

काम काय, तर रेघ मारायची. हसू नका, मीही आधी हसलो होतो. शहराबाहेर, जिथे बाभळीशिवाय काही उभं राहत नाही अशा सपाट जमिनीवर, उन्हापासून वीज करणारा भला मोठा प्रकल्प उभा राहत होता. दोन लाख पॅनेल. एकेक पॅनेल दाराएवढं, आणि ते लोखंडी सांगाड्याला चार बोल्टांनी धरलेलं. म्हणजे आठ लाख बोल्ट झाले. फिटर आपल्या लांब दांड्याच्या पान्यानं नट आवळत जायचा. हा पाना साधा नाही. ठरलेला जोर लागला की तो स्वतःच "टक्" असा आवाज करतो, म्हणजे बस, आता पुरे. मग मागून येणाऱ्यानं लाल रंगाच्या पेनानं बोल्टाच्या टोकापासून नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पुढे वाऱ्यानं, हादऱ्यानं नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटते. लांबून बघणाऱ्याला हात न लावता कळतं, की हा सैल झाला. दिसायला एवढीशी रेघ, पण वादळात दार उडून कुणाच्या डोक्यात बसू नये याची सगळी भिस्त तिच्यावर.

या कामाला स्थिर हाताची माणसं हवीत अशी नोटीस लागली, तेव्हा काकूंचं वय एक्कावन्न होतं आणि शिलाई मशीन गॅलरीत चादरीखाली झोपलं होतं. शाळांचे गणवेश तयार यायला लागले आणि काकूंचं गिऱ्हाईक हळूहळू आटलं. वर्षभर त्या घरात नुसत्या धुसफुसत होत्या. नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला, शांत, स्वयंपाकघरात रमलेला. तो म्हणाला, "जाऊन तर बघ. नाही घेतलं तर माझ्यावर ओरडायला एक नवीन कारण मिळेल तुला." दोनशे माणसं आली होती. प्रत्येकाला एक नट आणि पेन देऊन रेघ ओढायला लावली. पोरांच्या रेघा थरथरल्या. काकूंनी श्वास रोखला, मनगट टेकवलं आणि गणवेशाच्या कॉलरवर खडूनं मारतात तशी एका दमात रेघ ओढली. समोरच्या इंजिनीअर मॅडमनी ती रेघ बघितली, मग काकूंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून या."

दहा जण रेघा मारणारे, प्रत्येकाला एक फिटर जोडून दिलेला. काकूंच्या वाट्याला आला तो टकटक. तिशीचा, लांब हातापायांचा, सतत बडबडणारा. पाना 'टक्' म्हणाला की हाही तोंडानं 'टक्' म्हणायचा, म्हणून हे नाव. काकूंच्या नाकावर राग आणि याच्या जिभेला हाड नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघं भांडणार अशी पैज लागली होती. पैज लावणारे हरले. टकटक पुढे, काकू मागे, दिवसाला चारशे बोल्ट, आणि दिवसभर दोघांची टोलवाटोलवी.

"काकू, तुमची रेघ माझ्या आवळण्यापेक्षा सुंदर आहे हो."

"तुझं आवळणं कुणाला दिसत नाही म्हणून वाचलास. तू हात चालव."

असे आठ महिने गेले. काकूंच्या नावावर ऐंशी हजार रेघा झाल्या. आणि खरं सांगायचं तर इतक्या सुखात त्या आयुष्यात कधी नव्हत्या. सकाळी हेल्मेट घालून आरशात बघायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. घरी आल्यावर नवऱ्यानं वाढलेलं ताट पुढे ओढून दिवसाचा वृत्तान्त सुरू. वारा कुठून आला, कोणत्या रांगेत घोरपड निघाली, मॅडम कुणावर उखडल्या. नवरा म्हणायचा, "मी सदतीस वर्षं पत्रं वाटली, पण एवढ्या बातम्या मी कधी घरी आणल्या नाहीत."

मग बांधकाम संपत आलं. बांधकामाची माणसं पुढच्या प्रकल्पावर जाणार, दुसऱ्या कुठल्यातरी माळावर. इथे राहणार मोजकेच. त्यात एक जागा होती फिरत्या तपासनिसाची. रोज रांगांमधून चालायचं, रेघा बघायच्या, तुटलेली दिसली की नोंदवायची. प्रकल्प पंचवीस वर्षं चालणार, तेव्हा काम कायमचं. रेघा मारणाऱ्या दहांपैकी एकाला ते मिळणार होतं आणि निवड मॅडमच्या हातात होती. काकूंनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली, ती पाठमोऱ्या उभ्या राहून, भांडी लावता लावता, जशी काही फारशी महत्त्वाची नाही. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं कळत होतं. तो म्हणाला, "मिळेल गं." काकू म्हणाल्या, "मी कुठे म्हणतेय हवंय म्हणून?" आणि एक वाटी चुकीच्या फळीवर ठेवली.

बाहेरचे तपासणी साहेब गुरुवारी येणार होते. ते हो म्हणाले की वीज सुरू. सोमवारी मॅडमनी रेघवाल्यांना सांगितलं, की आपापल्या ब्लॉकमधून, म्हणजे ज्या रांगांच्या पट्ट्यात काम केलं तिथून, एकदा नुसती नजर फिरवून या. हात लावायचा नाही. सतरा नंबरचा ब्लॉक काकूंचाच, तो महिन्यापूर्वी सही होऊन बंद झालेला. पॅनेलवर ऊन पडलं की तारांमध्ये वीज उभी राहते, म्हणून बंद ब्लॉकमध्ये परवानगीच्या चिठ्ठीशिवाय कुणी काही खोलायचं नाही, आवळायचं नाही, असा कडक नियम होता.

काकू आपल्याच रेघांकडे कौतुकानं बघत चालल्या होत्या. आठवी रांग झाली, नववीत शिरल्या आणि थांबल्या. एक रेघ तुटलेली. पुढची तुटलेली. तिसरी सरळ. चौथी पुन्हा तुटलेली.

"अगं बाई!" काकू एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या. महिन्यात एवढे नट सैल? त्यांनी नियम बाजूला ठेवून तुटक्या रेघेच्या नटाला बोटांनी जोर लावून बघितलं. दगड. हलेना. दुसरा बघितला, तोही घट्ट. डोकंच चालेना. मग कशाला कोण जाणे, सरळ रेघेच्या नटाला हात लावला, आणि तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

त्याच क्षणी काकूंना सगळं आठवलं.

महिन्यापूर्वी, त्या दिवशी हा ब्लॉक संपवायचाच होता. दुसऱ्या टोळीतला एक फिटर आजारी पडला म्हणून टकटकला दुपारी तिकडे बोलावलं. जाताना तो म्हणाला, "काकू, नट हातानं बसवलेलेच आहेत. तुम्ही रेघा मारून ठेवा, मी आलो की आवळत येतो. तेवढाच वेळ वाचेल." काकूंना ते पटलं नव्हतं. पण घाई होती, ऊन चढलं होतं, आणि रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी रेघा मारल्या. तो आला आणि आवळत गेला. आवळलेल्या प्रत्येक नटाबरोबर रेघ फिरली आणि तुटली. पण आठ महिन्यांची सवय अशी, की रेघ दिसली म्हणजे हा बोल्ट झाला. हात आपोआप पुढे सरकतो. तसे त्यानं मधले कितीतरी सोडून दिले आणि त्याला पत्ताही लागला नाही. संध्याकाळी घाईत सही झाली, रेघा पुन्हा कुणी बघितल्या नाहीत. म्हणजे या रांगेत सगळं उलटं होतं. तुटकी रेघ म्हणजे घट्ट, सरळ रेघ म्हणजे सैल. तपासणी साहेब तुटक्या बघून तेवढे पुन्हा आवळायला लावणार आणि सरळ रेघांकडे बघून मान हलवून पुढे जाणार. जगात हे कळू शकणारी माणसं दोनच होती.

टकटकला गाठून सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग म्हणाला, "काकू, उद्या भल्या सकाळी येऊ. माझ्याकडे थिनर आहे. रेघा पुसतो, नट आवळतो, तुम्ही नव्या मारा. एक रांग म्हणजे एकशे बारा बोल्ट. तासाभरात मामला खतम. कुणाला कळणार?"

आता तुम्हीच सांगा, यात वाईट काय होतं? नट तर घट्ट झालेच असते. काकूंनाही ते पटलं. मंगळवारी उजाडता उजाडता दोघं नवव्या रांगेत होती. टकटकनं थिनरचा बोळा दिला. काकूंनी पहिली रेघ पुसली. एका फटक्यात गेली, खाली नुसतं चकचकीत लोखंड, जशी ती कधी नव्हतीच. काकू त्या लोखंडाकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" टकटक म्हणाला.

"फक्त नववी रांगच कशावरून?"

"तुम्हीच म्हणालात नववी."

"तुटक्या दिसल्या म्हणून म्हणाले. जिथे तू एकही आवळला नसशील तिथे सगळ्या सरळच असतील ना रे! मला काय कळणार बघून? तुला आठवतंय, मी कुठपर्यंत मारल्या होत्या?"

त्याला आठवत नव्हतं. त्यांनाही नाही. सगळा ब्लॉक पान्यानं बघायचा तर टोळी हवी, वीज तोडायला हवी, म्हणजे मॅडमना सांगायला हवं. टकटक हात जोडायचा तेवढा बाकी राहिला. "काकू, माझं सोडा, मी काय, आज इथे उद्या तिथे. पण तुमची ती जागा? हातात आलेली घालवाल!"

"बोलू नकोस," काकू म्हणाल्या, "नाहीतर मी रडेन आणि मग तुला मारेन."

मॅडमची केबिन म्हणजे एक पत्र्याचा डबा, त्यात एक टेबल, भिंतीवर नकाशा आणि जोरात फिरूनही वारा न देणारा पंखा. मॅडम वयानं काकूंच्या लेकीएवढ्या. तीन दिवस नीट झोपल्या नव्हत्या. काकूंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बोळ्यासकट. सांगून होतं न होतं तोच मागून कुणीतरी घसा खाकरला. टकटक दारात उभा होता. "मीच सांगितलं होतं काकूंना, आधी रेघा मारा म्हणून. आणि सोडलेले नटही माझेच," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याचं बोलणं दोन वाक्यांत संपलं.

मॅडम उखडल्या. उखडणार नाहीत तर काय! "महिना झाला ब्लॉक बंद करून! माझी सही आहे त्यावर! दोन दिवसांवर तपासणी, आणि आज सांगताय?" मग भिंतीवरच्या नकाशावर सतराव्या ब्लॉकवर बोट ठेवलं. "काकू, या एका दिवसाचं तुम्ही सांगताय. बाकीच्या ऐंशी हजार रेघांचं मी काय समजू?"

काकूंना आयुष्यात इतकं कुणी बोललं नव्हतं. त्यांना सांगायचं होतं, की मॅडम, एवढा एक दिवस, फक्त एक. पण चोरानं 'एकदाच' म्हणावं तसं ते त्यांच्या कानांना वाटलं, म्हणून त्या गप्प बसल्या.

सतरावा ब्लॉक उघडला. चार फिटर लावून एकेक बोल्ट पान्यानं तपासला. नवव्या रांगेत अडतीस सैल निघाले. आणि दहाव्या रांगेत, पहिल्या चार पॅनेलचे सोळाच्या सोळा. काकू त्या दिवशी ओघात दहावीत शिरल्या होत्या. टकटकनं तिथे रेघा बघितल्या, इथलं झालेलंच आहे म्हणून थेट पाचव्या पॅनेलपासून सुरुवात केली. सोळाही रेघा सरळ, सुंदर, नवरीसारख्या नटलेल्या. गुपचूप फक्त नववी रांग आवळली असती तर ते सोळा तसेच राहिले असते. मॅडमनी हे बघितलं आणि नकाशावर खूण केली.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "जागा गेली," काकू म्हणाल्या. "हवी होती रे देवा, मला फार हवी होती." नवऱ्यानं त्यांचा हात हातात घेतला. तो विनोद करेल असं त्यांना वाटलं होतं, पण त्यानं केला नाही.

गुरुवारी तपासणी साहेब आले. जाड भिंगांचा चष्मा, खिशात स्वतःची पेनं, चेहरा असा की हसणं नियमात बसत नसावं. मॅडमनी त्यांच्यापुढे काहीही लपवलं नाही. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सतरावा पुरा झाला, ठीक. पण त्या बाईंच्या रेघांवर मी विश्वास का ठेवावा? बाकी ब्लॉकमधले त्यांचे दोनशे बोल्ट मी निवडतो. एक जरी फिरला, तरी ऐंशीच्या ऐंशी हजार पुन्हा बघायचे. वीज त्यानंतर."

एक जरी फिरला तरी! सगळा प्रकल्प महिनाभर अडणार, तेही काकूंच्या नावानं. मॅडमनी विचारलं, बरोबर येता का. काकू नको म्हणाल्या. तिसऱ्या ब्लॉकच्या कडेला पाण्याचा पिंप होता, त्याच्या सावलीत त्या रांगांकडे पाठ करून बसल्या. बघवणार नव्हतं. पण कान कुठे बंद करता येतात?

घट्ट बोल्टावर पाना लावला की लगेच टक् वाजतं. सैल असला तर आधी नट फिरतो, आवाज नाही, आणि मग केव्हातरी टक्. ते मधलं आवाज नसणंच काकू ऐकत होत्या. टक्. टक्. साहेब बोल्ट बदलायला चार पावलं चालायचे, तेवढा वेळ काकूंचा श्वास अडकायचा. टक्. टकटक शेजारी येऊन बसला. एरवी पान्याबरोबर तोंड वाजवणारा तो, आज ओठ घट्ट मिटून बसला होता. एकदा मधेच बराच वेळ काही वाजलं नाही, तेव्हा काकूंनी त्याचं मनगट इतकं दाबलं की तो कळवळला. मागून साहेबांचा आवाज आला, "पाणी मिळेल का?" पाणी प्यायला थांबले होते, मेले! मग पुन्हा टक्. पाचव्या ब्लॉकमध्ये गेले, अकराव्यात गेले, आवाज लांबून यायला लागला, पण यायचा तो लगेच यायचा, कुठेही रेंगाळायचा नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मॅडम आणि साहेब पिंपापाशी आले. मॅडमच्या हातात पाना होता, कपाळावर धूळ.

"काकू," त्या म्हणाल्या, "दोनशे झाले. एकही फिरला नाही."

काकूंना वाटलं होतं, हे ऐकून जीव भांड्यात पडेल. तसं झालं नाही. त्यांनी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं आणि म्हणाल्या, "अजून शंभर बघा."

"कशाला? साहेबांचं समाधान झालंय."

"माझं नाही झालं. एकदा मीच माझ्या रेघेला फसले मॅडम. अजून शंभर बघा. मग मला घरी पाठवा, मी काही म्हणणार नाही."

साहेबांनी चष्म्यावरून काकूंकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडमनी घाम पुसला आणि पाना काकूंच्या पुढे धरला.

"मी दमले," त्या म्हणाल्या. "ते शंभर तुम्हीच बघा. आणि उद्या त्याच्या पुढचे शंभर, परवा त्याच्या पुढचे. आता रोजचं हेच काम आहे तुमचं."

काकूंना आधी कळलंच नाही. टकटकला कळलं, त्यानं अशी शीळ घातली की साहेब दचकले. मग काकूंनी पाना दोन्ही हातांनी घेतला. आठ महिने तो त्यांच्या पुढे दोन पावलांवर वाजत होता, पण हातात कधी घेतला नव्हता. त्या जवळच्या रांगेत शिरल्या, स्वतःच्याच एका रेघेवर पाना बसवला आणि जोर लावला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, त्यामुळे रेघ काही त्यांना दिसली नाही. पण टक् मात्र लगेच वाजलं.